‘फोटो हलला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा: सिंधुदुर्गातलं जुनं घर, माजघरात गणपती, वर एक ट्यूब, दोन्ही बाजूंना समया. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत मिळालेली १८-५५ची किट लेन्स. आरतीचे, भजनाचे फोटो दरवर्षी हलतात. फ्लॅश मारला तर मूर्ती पांढरीफटक होते आणि मागे काळोख. स्टँड लावायला जागा नाही, कारण माजघरात तीस माणसं. त्यात भाच्याच्या मोबाइलवर तोच फोटो बरा येतो, हे दुखणं वेगळंच. नवा कॅमेरा घ्यावा का, असं शेवटी विचारलंय.

नका घेऊ. निदान या गणपतीपर्यंत तरी नको. मी पंचवीसेक वर्षं नाटकांचे आणि बैठकीतल्या गाण्याचे फोटो काढतोय, म्हणजे फ्लॅश मारला तर प्रेक्षक मारतील अशाच जागी. माझा अनुभव असा, की कॅमेऱ्याला दोष देण्याआधी फोटो कशामुळे बिघडला हे बघायला हवं. आपण मराठीत सगळ्याला एकच शब्द वापरतो, ‘हलला’. हात हलला तरी हललाच, समोरचा हलला तरी हललाच, फोकस भलतीकडे लागला तरी हललाच. ताप म्हणजे एक रोग नव्हे, तसंच हे. औषध वेगवेगळं आहे आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

मागच्या वर्षीचे फोटो संगणकावर उघडा आणि पूर्ण मोठे करून बघा. आधी समईच्या ज्योतीकडे किंवा माळेतल्या एखाद्या बारीक दिव्याकडे. दिव्याचा ठिपका जर रेघ झाला असेल आणि चित्रातल्या सगळ्या दिव्यांच्या रेघा एकाच दिशेला, एकाच लांबीच्या असतील, तर हात तुमचा हलला. दिवे ठिपक्यासारखे, मूर्तीचा मुकुट स्वच्छ, पण आरतीचं तबक आणि टाळ्या वाजवणारे हात धुरकट असतील, तर तुमचा हात निर्दोष आहे, माणसं हलली. आणि काकांचा चेहरा मऊ दिसतोय पण त्यांच्या मागच्या भिंतीवरचा खिळा कोरल्यासारखा दिसतोय, तर कोणीच हललं नाही, फोकस चुकला. चौथाही प्रकार असतो: काहीच हललेलं नाही, फोकसही बरोबर, पण चेहऱ्यावर मेण फासल्यासारखं दिसतं. ते कॅमेऱ्याने दाणे (अंधारातल्या फोटोत दिसणारे बारीक ठिपके) पुसण्याच्या नादात कातडीची नक्षीही पुसल्यामुळे. मेनूमध्ये हाय आयएसओ नॉइज रिडक्शन आहे, ते ‘स्ट्राँग’वर असेल तर खाली आणा.

तुमच्या घरच्या फोटोंत बहुधा पहिले दोन प्रकार एकत्र असणार. का, ते आकड्यांत सांगतो.

एका ट्यूबच्या मोठ्या खोलीत प्रकाश साधारण इतका असतो, की लेन्स एफ/५.६ वर (लेन्स किती उघडी त्याचा आकडा; आकडा लहान तितकी जास्त उघडी) आणि आयएसओ (आलेला प्रकाश कॅमेऱ्याने किती वाढवून दाखवायचा तो आकडा) १६०० वर ठेवला तर शटर १/१५ सेकंद उघडं राहावं लागतं. एफ/५.६ कुठून आलं? तुम्ही मागे उभं राहून ५५ पर्यंत झूम केलंत, तिथे ही लेन्स त्याहून जास्त उघडतच नाही. आता तीच लेन्स १८ वर आणा. तिथे ती एफ/३.५ पर्यंत उघडते, म्हणजे अडीचपट प्रकाश आत येतो. आयएसओ ३२०० करा, आणखी दुप्पट. मिळून पाचपट. १/१५ चं शटर १/८० वर आलं. एक पैसा खर्च न करता. फक्त एवढंच, की झूमचं काम आता पायांनी करायचं. पुढे जाऊन, मांडी घालून, मूर्तीपासून चार-पाच फुटांवर बसायचं. घरचाच गणपती आहे, कोण अडवणार? आणि जवळून रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत माजघर, आढं, माटवीला (गणपतीवर बांधलेल्या चौकटीला) टांगलेली फळं हे सगळं येतं, ते दुरून झूम करून कधी येत नाही. कडेला बसलेल्या माणसांचे चेहरे तेवढे ताणले जातात. ज्यांचा चेहरा महत्त्वाचा, त्यांना मध्याकडे ठेवा.

हाताच्या बाबतीत जुना ठोकताळा आहे: लेन्सची लांबी जेवढे मिलिमीटर, सेकंदाचा तितकावा भाग. ५० ची लेन्स तर १/५०. पण हा ठोकताळा ३५ मिमी फिल्मच्या काळातला. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्या फिल्मपेक्षा लहान आहे, त्यामुळे कॅननच्या या वर्गात १.६ ने गुणायचं: ५० साठी १/८०, ५५ साठी १/९० च्या आसपास, १८ साठी १/३०. निकॉन, सोनीच्या त्या आकाराच्या सेन्सरला १.५. शिवाय तेव्हा लोक पोस्टकार्डाएवढा प्रिंट हातात धरून बघायचे, आता २४ मेगापिक्सेलचं चित्र पडद्यावर पूर्ण मोठं करून नाकाला नाक लावून बघतात. तसंच बघायचं असेल तर आणखी दुप्पट सावध राहा.

तुमच्या लेन्सवर आयएस लिहिलंय, म्हणजे स्टॅबिलायझर आहे. तो चालू ठेवा, पण तो काय करतो ते ओळखून. कॅननने १९९५ मध्ये ७५-३०० च्या लेन्समध्ये तो पहिल्यांदा एसएलआरसाठी आणला. लेन्समधल्या भिंगांचा एक गट तुमच्या हाताच्या उलट दिशेने सरकतो आणि थरथर मारून टाकतो, बस्स. समोर टाळ्या वाजवणाऱ्या आजोबांशी त्याला काही देणंघेणं नाही. हे मी स्वतःची फजिती करून शिकलोय. स्टॅबिलायझरवाली लेन्स नवीन घेतली होती, एका संगीत नाटकाच्या प्रयोगाला गेलो आणि अख्खा पहिला अंक १/१५ वर काढला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं झकास. घरी येऊन बघतो तर राजवाड्याचे खांब, पडद्यावरची वेलबुट्टी, सिंहासनाचा कोरीव हात, सगळं काचेसारखं. आणि त्या सिंहासनावर भूत. निर्मात्याला नेपथ्याचे फोटो हवे असते तर माझं कौतुक झालं असतं.

तेव्हा मूर्ती, माटवी, रांगोळी, रिकामं माजघर यांसाठी स्टॅबिलायझरवर भिस्त ठेवा. १८ वर १/८ सुद्धा जमेल. माणूस आला की शटरचा वेग माणसाच्या हालचालीवरून ठरवायचा. शांत बसून ऐकणाऱ्यांना १/६० पुरतं. गाणाऱ्याला १/१०० च्या आसपास. टाळ, झांज, पखवाजावरचे हात स्वच्छ हवेत तर १/२५० आणि वर. हात थोडे पुसट आणि चेहरा स्वच्छ हवा असेल तर, मला विचाराल तर भजनात तेच जास्त चांगलं दिसतं, १/६० ते १/८० मध्ये राहा आणि भरपूर काढा.

आता आयएसओची भीती. ‘८०० च्या वर जायचं नाही, दाणे येतात’ असं कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं आणि माणूस ते आयुष्यभर पाळतो. मी फिल्मच्या शेवटच्या वर्षांत सुरुवात केली. ४०० आयएसओचा ट्राय-एक्स हा कृष्णधवल रोल घालायचा, कॅमेऱ्याला तो १६०० आहे असं सांगायचं आणि लॅबमध्ये जास्त वेळ डेव्हलप करून घ्यायचा, ‘पुश’ म्हणायचो त्याला. सावल्या कोळशासारख्या काळ्या, दाणे वरईएवढे. त्यातही ३६ फोटो. तिसरी घंटा झाल्यावर मोजून मापून काढायचे, आणि चुकलं तर पुढच्या प्रयोगाची वाट बघायची. तुमच्या कॅमेऱ्याचा ३२०० त्या १६०० पेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, वर तो रंगीत आहे. ६४०० ला दाणे दिसतील. दिसू देत. दाणेदार फोटो लोक अल्बममध्ये लावतात, हललेला कोणी लावत नाही. १२ बाय ८ इंचाचा प्रिंट काढलात तर चित्राचे ६००० बिंदू १२ इंचांत दाटतात, इंचाला ५००, आणि पडद्यावर ढोबळ दिसलेले दाणे कागदावर शोधावे लागतात.

उलट आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढायचा आणि नंतर संगणकावर उजळायचा, यात दाणे जास्त दिसतात. दाणे येतात ते मुळात प्रकाश कमी पडल्यामुळे, आयएसओचा आकडा मोठा असल्यामुळे नव्हे. गढूळ पाण्याची बादली रिकामी करून ते पेल्यात ओतलं म्हणून गढूळपणा कमी होत नाही, तसं. सेन्सरवर जेवढा प्रकाश पडला तेवढाच माल हाताशी आहे.

इथे एक बारकावा आहे, तो नीट समजून घ्या, नाहीतर मी दोन उलट गोष्टी सांगतोय असं वाटेल. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला प्रत्येक दृश्य मध्यम राखाडी असावं असं वाटतं. जुन्या घराचं माजघर म्हणजे काळपट खांब, काळपट तक्तपोशी, कोपऱ्यात अंधार. मीटर घाबरतो आणि हा अंधार उजळायला शटर लांबवतो. परिणामी मूर्तीचा चेहरा जळतो, हात हलतो, आणि रात्रीची आरती दुपारची वाटते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ की काळा हवा ते सांगायची सोय) उणे एक करा. शटर दुप्पट जलद झालं (शटर तुम्हीच ठरवलं असेल तर आयएसओ निम्मं झालं) आणि अंधार अंधारासारखा दिसायला लागला. चेहरे मात्र काळे पडता कामा नयेत, ते बघून उणे दोन-तृतीयांश की उणे एक हे ठरवा. याच्या उलट पांढरी भिंत, पांढरे सदरे, मागे ट्यूब थेट चित्रात, असं असेल तर मीटर फसून फोटो काळा काढेल. तेव्हा अधिक करावं लागेल. डोळे उघडे ठेवून वापरायची गोष्ट आहे ही.

डायलवर कुठे ठेवायचं? टीव्ही. (दूरचित्रवाणीशी संबंध नाही, कॅनन शटरच्या वेगाला हे नाव देतं. इतर बहुतेक कंपन्या नुसतं एस लिहितात.) शटर तुम्ही ठरवा, १/८० वगैरे. आयएसओ ऑटोवर ठेवून त्याची कमाल मर्यादा ६४०० करा. अंधार असल्यामुळे लेन्स आपसूक पूर्ण उघडते आणि उरलेला हिशेब कॅमेरा आयएसओने भागवतो. हिरवा ऑटो मात्र विसरा. त्याला आरती म्हणजे काय ते कळत नाही, तो फ्लॅश उभा करतो.

हात. याबद्दल लिहायला मला सर्वात आवडतं, कारण यात खरेदी करण्यासारखं काही नाही. डाव्या हाताने आपण प्रसाद घेत नाही, पण कॅमेरा डाव्या तळहातावरच घ्यायचा. तळहात वर करून लेन्सखाली, सगळं वजन त्यावर. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलेला कॅमेरा हलणारच. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. डोळा व्ह्यूफाइंडरला आणि कॅमेरा कपाळाला टेकलेला, म्हणजे दोन हात आणि एक डोकं असे तीन आधार झाले. मागच्या पडद्यावर बघत हात लांब करून काढलेला फोटो १/८० वरसुद्धा हलतो. मोबाइलची सवय आहे ती, कॅमेऱ्याला चालत नाही. श्वास भरून रोखून धरू नका, छाती धडधडते. अर्धा सोडा, तिथे थांबा, दाबा. बटण बोटाने टोचायचं नसतं, बोटाचं पेर त्यावर आधीच टेकवून हळूच दाबत न्यायचं, कधी वाजलं ते तुम्हालाही कळू नये असं.

आणि ओळीने तीन-चार फोटो सोडायचे. पहिला बहुधा दाबण्याच्या धक्क्याने बिघडतो, शेवटचा बोट उचलण्याच्या धक्क्याने, मधला बरा निघतो. माझ्या नाटकांच्या निवडीत मधल्यांचीच गर्दी असते.

जुन्या घरात आधार ठायी ठायी असतात. उंबऱ्यापाशी उभं राहून चौकटीला खांदा टेकवा. माजघराच्या खांबाला पाठ लावा. जमिनीवर बसलात तर एक गुडघा उभा करून त्यावर डावं कोपर ठेवा, पण गुडघ्याच्या वाटीवर हाड ठेवू नका, घसरतं. वाटीच्या जरा पुढे, मऊ भागावर. पाटावर किंवा कट्ट्यावर कॅमेरा ठेवायचा असेल तर हातभर कापडी पिशवी शिवून घ्या, तीन-चतुर्थांश ज्वारीने किंवा हरभऱ्याच्या डाळीने भरलेली. त्यावर कॅमेरा बसवला की लेन्स हवी तिकडे वळते आणि तिथेच राहते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आईकडे ज्वारी मागाल तेव्हा कारण नीट सांगा. पिशवीवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावला की माटवीचा फोटो एक सेकंदाच्या शटरवरसुद्धा येतो, आणि तिथे आयएसओ २०० पुरतं. त्यातल्या कवंडाळाची, नारळाच्या शेंडीची, सुपारीच्या शिपट्याची नक्षी अशी येते की मोबाइल बाजूला ठेवावा लागेल.

तयारी गणपतीच्या दिवशी होत नाही. आजपासून रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभे राहा. दोन मीटर अंतर, ५५ ची लांबी. तिथी-नक्षत्राच्या बारीक अक्षरांवर फोकस. १/६० वर दहा फोटो, १/३० वर दहा, १/१५ वर दहा, १/८ वर दहा. मग प्रत्येक दहांतल्या किती फोटोंत अक्षरं वाचता येतात ते मोजा. पहिल्या दिवशी १/१५ वर दहातले तीन आले असतील तर पंधरा दिवसांनी सात येतील. मुख्य म्हणजे तुमची स्वतःची मर्यादा तुम्हाला आकड्यात कळेल. माझा हात आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. मी ते मान्य करून एक पायरी जलद शटर वापरतो.

आता वेळ साधण्याविषयी. आरती ही सतत हलणारी गोष्ट वाटते, पण तिच्यात थांबे आहेत, आणि ते तुम्हाला लहानपणापासून पाठ आहेत. हा फायदा परक्या फोटोग्राफरला नाही. तबक गोल फिरत असताना हात वरच्या टोकाला पोचून खाली वळतो तिथे क्षणभर मंदावतो. कडवं संपून ‘जय देव’ सुरू होताना माणसं श्वास घेतात, टाळ्यांचा ठेका किंचित सैल पडतो. टाळीतही हात मिटलेले असतात तो क्षण घ्या, उघडणारे हात पुसट येतात. ‘घालीन लोटांगण’ला सगळे स्वतःभोवती फिरतात, तिथे १/८० वर कोणी स्वच्छ येणार नाही, तिथे कमी शटरच्या मागे जा. १/८ ठेवा, खांबाला टेका, मूर्ती आणि समया स्थिर, भोवती रंगांचे भोवरे. जमला तर घरातला सगळ्यात चांगला फोटो तोच ठरतो. आणि लगेच त्यानंतर मंत्रपुष्पांजली. हातात फुलं, डोळे अर्धे मिटलेले, कोणीही हलत नाही, लहान मुलंसुद्धा. एवढ्या वेळात १/३० वर कितीतरी फोटो निघतात. बहुतेक लोक तोवर कॅमेरा खाली ठेवून फुलं घ्यायला धावलेले असतात.

दशावतारालाही हेच. जत्रेतल्या नाटकात युद्धाच्या गिरक्या सुरू झाल्या की सगळे कॅमेरे वर होतात आणि निम्मे फोटो फुकट जातात. मी बाकड्यावर बसलेल्या राजाची वाट बघतो. तो संवाद म्हणता म्हणता एकदम थांबतो, मान वळवतो, मृदंगाची थाप पडेपर्यंत तसाच असतो. ती थाप ऐकू यायच्या आधी बटण दाबलेलं असलं पाहिजे.

फोकसबद्दल. तुमच्या कॅमेऱ्यात नऊ बिंदू आहेत, त्यातला मधला क्रॉस प्रकारचा, आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा. अंधारात त्या एकट्यावरच विश्वास ठेवा, बाकीचे बंद समजा. त्याला सपाट गाल दाखवू नका, कड दाखवा: चष्म्याची काडी, मुकुटाची किनार, उपरण्याचा काठ. नऊही बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा सगळ्यात जवळची आणि उजळ गोष्ट पकडतो, म्हणजे समई. मग समई रेखीव आणि बाप्पा मऊ.

लेन्स विकत घ्यायचीच असेल तर ५० मिमी एफ/१.८, कॅननची एसटीएम, २०१५ पासून मिळते, आणि कॅननच्या लेन्समध्ये सगळ्यात स्वस्तात बसणाऱ्यांपैकी आहे. ५.६ आणि १.८ यांत जवळजवळ दहापट प्रकाशाचा फरक आहे. पण ती जादूची कांडी नाही. पूर्ण उघडून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढलात तर जेमतेम ११ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्वच्छ येतो. नाकाच्या शेंड्यावर फोकस आणि मागचा कान गेला, असं होतं. मी ती २.२ वर वापरतो. तुमच्या माजघराच्या प्रकाशात २.२, आयएसओ १६००, १/१०० असा हिशेब बसतो, आणि तो फार सोयीचा आहे. त्या लेन्सला स्टॅबिलायझर नाही, हे लक्षात असू द्या. तुमच्या कॅमेऱ्यावर ती ८० सारखी बघते, त्यामुळे छोट्या खोलीत भिंतीला पाठ लागते. एकट्या माणसांचे चेहरे, पेटी वाजवणारे हात, आजीच्या डोळ्यांत पडलेली ज्योत, यांसाठी घ्या. कुटुंबाचा फोटो किटनेच.

१/१०० सोयीचा का, तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही. १/१०० च्या शटरमध्ये एक पूर्ण हेलकावा बसतो, १/५० मध्ये दोन. १/२५० किंवा १/५०० वर मात्र एक फोटो पिवळट, पुढचा हिरवट, किंवा फोटोत आडवा काळा पट्टा, असं होऊ शकतं. तो कॅमेऱ्याचा बिघाड नाही. झांजेसाठी १/२५० लागलंच तर ओळीने आठ-दहा काढा, त्यातले काही जमतील. रंगीत लुकलुकत्या माळांचं तर विचारूच नका. मूर्तीच्या मागच्या माळा आरतीपुरत्या स्थिर ठेवा असं घरात पटवता आलं तर पाहा. मला आजवर कुठेच जमलेलं नाही.

प्रकाश वाढवण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. घरातला एखादा टेबललॅम्प चौरंगाच्या बाजूला, मूर्तीकडे नव्हे तर पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवा. भिंतीवरून परतलेला मऊ उजेड मूर्तीवर पडेल, कोणाला दिवा दिसणारही नाही. भिंत मूर्तीच्या जितकी जवळ, तितकं काम जास्त. त्याच्या बल्बचा रंग मात्र पिवळट निवडा, समईशी जुळणारा.

लेन्सपुढे यूव्ही फिल्टर लावला असेल तर आरतीपुरता काढून ठेवा. अंधारात पेटलेल्या ज्योती असल्या की तो सपाट काचेचा तुकडा त्यांची उलटी हिरवट भुतं चित्रात पेरतो. आणि लेन्स पुसा, खरंच पुसा. भाद्रपदातली दमट हवा, धुपाचा धूर, कापराची काजळी, मोदकाचं तूप लागलेलं बोट. निम्मे ‘मऊ’ फोटो एवढ्यानेच सुधारतात. कॅमेरा गार गाडीतून आणून थेट माजघरात उघडलात तर काच धुक्याने झाकली जाते; अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

भाच्याच्या मोबाइलचं रहस्य असं, की तो एक फोटो काढत नाही. बटण दाबलं की तो भराभर अनेक लहान फोटो घेतो, एकमेकांवर जुळवतो आणि त्यांची सरासरी काढून दाणे घालवतो. गूगलने पिक्सेलवर २०१८ मध्ये नाइट साइट आणलं, अ‍ॅपलने २०१९ मध्ये आयफोन ११ वर नाइट मोड. स्थिर मूर्तीला हे उत्तम. हलणाऱ्या माणसांवर तो अडखळतो, कधी हाताला सहा बोटं, कधी चेहऱ्यावर रंगाचा लेप. तुम्ही त्याच्याशी मूर्तीच्या फोटोत स्पर्धा करू नका, माणसांच्या करा.

रॉमध्ये काढा, म्हणजे सेन्सरवरचा सगळा माल जसाच्या तसा साठवणाऱ्या फाइलमध्ये. ट्यूबचा निळसर, समईचा पिवळा आणि माळांचा जांभळा रंग एकाच चेहऱ्यावर पडलेला असतो, तो जेपेगमध्ये नंतर सुटत नाही. दाण्यांसाठी लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून डीनॉइज आलंय, ते ६४०० च्या फोटोवर चांगलं काम करतं. पूर्ण जोर लावू नका, अर्ध्यावर थांबा. हललेला फोटो ते सुधारत नाही. शार्पनिंगची काठीही खेचू नका, हललेल्या रेघेला फक्त दोन कडा येतात.

यंदा पहिल्या दिवशी सकाळी, पूजा मांडून झाली आणि माणसं अजून जमायची असतील तेव्हा, माजघराच्या दाराशी बसून १८, एफ/३.५, आयएसओ ३२००, १/८० वर एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. दिवसा पडवीतून उजेड येत असेल तर आयएसओ बरंच खाली येईल. रात्रीच्या आरतीला तिथेच बसायचं, फक्त आकडे बदलायचे. आणि जागा धरून ठेवायला भाच्याला सांगा, मोबाइलसकट.